संदेहाचा फायदा नेहमी जादूगारालाच का?

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळावर लेख आला, तो आमच्या घरी सगळ्यांनी वाचला. लेख चांगला होता, चित्रंही चांगली होती. पण त्यात एक विधान असं होतं की या खेळाला पक्के नियम नसतात, सारं खेळ चालवणाऱ्याच्या कल्पनाशक्तीवर चालतं. त्यावर गुरुवारी आपण एका वाचकाचं पत्र छापलंत. त्यांनी हेच विधान धरून विचारलं होतं की मग हा खेळ कसला, एकाने मनाला येईल ते सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या! दोघांनाही उत्तर द्यावं म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे. कापायचंच असेल तर मधला आगीच्या गोळ्याचा परिच्छेद कापा, त्याच्या पुढचा कृपा करून कापू नका.

मी सांगलीत विश्रामबागेत राहते. नोकरी विमा कंपनीत, तीही दाव्यांच्या टेबलावर झाली. आता निवृत्त आहे. दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर माझा भाचा आणि त्याची मित्रमंडळी जमतात आणि खेळ चालवते मी. त्यांच्या भाषेत मी डीएम, म्हणजे डंजन मास्टर. हे काम माझ्या गळ्यात पडलं ते पोरांच्या भांडणामुळे. एखाद्या स्पेलच्या, म्हणजे जादूच्या मंत्राच्या, वाक्यावरून जुंपली की भाचा म्हणायचा, ‘मावशीला विचारा, तिने आयुष्यभर कलमंच वाचलीत.’ मी स्वयंपाकघरातून उत्तरं द्यायची. उत्तरं देता देता खुर्ची माझी झाली. भडंग अजून मलाच करावं लागतं, ती गोष्ट वेगळी.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली पहिल्यांदा छापला गेला. सध्या जगभर खेळली जाते ती पाचवी आवृत्ती २०१४ ची, तिचीच सुधारलेली पुस्तकं २०२४ मध्ये आली. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी पुजारी, कुणी चेटूक करणारा. डीएम जग रंगवतो, शत्रूंची बाजू खेळतो आणि वाद झाला तर निकाल देतो. यात जादूचा भाग मोठा. एकेक स्पेल म्हणजे एक छापील उतारा: किती फुटांवर चालतो, किती वेळ टिकतो, त्यासाठी काय लागतं आणि शेवटी तो नेमकं काय करतो याची चार-सहा वाक्यं. पॉलिसीच्या कागदाशी माझा जन्म गेल्यामुळे मला ते वाचून माहेरी आल्यासारखं वाटलं. नियम नसतात म्हणे! असे शेकडो उतारे आहेत आणि त्यातल्या बऱ्याच वाक्यांना दोन-दोन अर्थ आहेत.

आता खरा दावा घेऊ. पाणी निर्माण करण्याचा एक स्पेल आहे, पहिल्या लेव्हलचा, अगदी नवशिक्या पुजाऱ्यालाही येतो. त्यात म्हटलंय की टप्प्यातल्या एखाद्या उघड्या भांड्यात दहा गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण ३८ लिटर, स्वच्छ पाणी तयार होतं. टप्पा ३० फुटांचा. आमचा भाचा ड्रुइड खेळतो, हे झाडापानांचे आणि ऋतूंचे उपासक, त्यांनाही हा स्पेल मिळतो. एका दुपारी समोर उभा ठाकला राक्षस. भाच्याने शांतपणे जाहीर केलं, ‘मी पाणी तयार करतो. याच्या फुप्फुसात.’

जगभरच्या टेबलांवर हा वाद होतो हे मला नंतर कळलं. भाच्याचा युक्तिवाद असा. फुप्फुस ही पोकळी आहे, म्हणजे भांडं. तोंड आणि श्वासनलिका उघडी आहे, म्हणजे उघडं भांडं. राक्षस ३० फुटांच्या आत आहे. शब्दाला शब्द जुळतो, मग तो बुडून मेलाच पाहिजे. त्याचा एक मित्र फिजिओथेरपी शिकतो, त्याने फुप्फुसात किती लिटर मावतं याचा आकडा दिला. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू आता चेकवर सही करणंच बाकी आहे.

मी सही केली नाही. कारण सांगते, कारण गुरुवारच्या पत्रलेखकांना वाटतं की आम्ही मनाला येईल ते सांगतो.

हप्ता बघून दावा वाचावा, ही दाव्यांच्या टेबलावरची पहिली सवय. मामुली हप्त्याच्या पॉलिसीतल्या एखाद्या वाक्यातून कोटीची भरपाई निघते आहे असं वाटलं, तर बहुतेक वेळा ते वाक्य आपण चुकीचं वाचत असतो. स्पेलचा हप्ता म्हणजे त्याची लेव्हल. पहिल्या लेव्हलचे स्पेल नवख्या पात्रालाही दिवसातून दोनदा टाकता येतात. नवव्या लेव्हलचे मोठमोठ्या जादूगारांनाही दिवसातून एकदाच. आता नवव्या लेव्हलवर एक स्पेल आहे, नुसता शब्द उच्चारून जीव घेणारा. त्यालाही अट आहे: समोरच्याचे हिट पॉइंट, म्हणजे अंगात किती जीव उरलाय त्याचे गुण, शंभर किंवा त्याहून कमी असले तरच तो मरतो. जी गोष्ट जगातल्या सर्वांत महागड्या स्पेलला अटीशिवाय जमत नाही, ती पाण्याची कळशी भरणाऱ्या स्पेलला फुकटात जमणार? पहिल्या लेव्हलच्याच जादूच्या बाणांचा हिशेब बघा. तीन बाण, प्रत्येकी चार बाजूंचा एक फासा अधिक एक, सरासरीने सगळे मिळून साडेदहा नुकसान. या लेव्हलची किंमत ती. उघडं भांडं हे शब्द या शेजाऱ्यांच्या संगतीत वाचले की भांड्याचा अर्थ हंडा, पिंप, पखाल असाच निघतो.

पुढे मी जुनी पुस्तकंही चाळली. २००३ च्या आवृत्तीत याच स्पेलखाली स्पष्ट टीप होती की अशा प्रकारच्या जादूने कुठल्याही प्राण्याच्या शरीरात वस्तू किंवा पदार्थ निर्माण करता येत नाही. म्हणजे फुप्फुसाचा बेत आमच्या भाच्याने शोधलेला नाही. त्याच्या जन्माआधीच्या पोरांनी तो करून पाहिलेला होता, म्हणूनच टीप आली. पाचवी आवृत्ती लिहिताना लेखकांनी ठरवलं की नियम रोजच्या बोलीत लिहायचे, कायद्याच्या भाषेत नाही. त्या साफसफाईत ती टीप गेली आणि जुना वाद पुन्हा दारात आला. पॉलिसी सोप्या भाषेत लिहिण्याची लाट आमच्याकडेही आली होती. काय झालं होतं ते मी सांगत बसत नाही.

इथे भाच्याने माझंच शस्त्र माझ्यावर उगारलं. मी कधीतरी त्याला सांगितलं होतं की विम्याच्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे: कलमाचे खरोखर दोन अर्थ निघत असतील, तर ज्याने कलम लिहिलं त्याच्या विरुद्ध आणि ग्राहकाच्या बाजूने अर्थ लावायचा. कागद कंपनीने लिहिला, शब्द निवडायची संधी तिला होती, मग संदेहाचा भुर्दंड तिनेच भरावा. न्याय्य तत्त्व आहे. भाचा म्हणाला, ‘मग मावशी, इथे ग्राहक मी. संदेहाचा फायदा मला.’

मी त्यावर बरेच दिवस विचार केला, कारण प्रश्न बिनतोड होता. पण इथे भरपाई देतं कोण? पुस्तक लिहिणारी कंपनी अमेरिकेत आहे, तिला एका राक्षसाच्या मरणाने काही फरक पडत नाही. मलाही पडत नाही, माझ्याकडे राक्षसांचा साठा अमाप आहे. भुर्दंड पडतो टेबलावर बसलेल्या दुसऱ्या खेळाडूला. आमच्याकडे एक मुलगी योद्धा खेळते. तलवार, ढाल आणि चांगलं डोकं. अबोल आहे. तिच्या पात्राच्या पानावर काय लिहिलंय? फासा टाक, बेरीज कर, लागलं की एवढं नुकसान. त्यात ताणण्यासारखं एक वाक्य नाही. तलवार उघडी की मिटलेली असा वाद घालायला तिला जागाच नाही. जादूवाल्यांकडे मात्र पानंच्या पानं गद्य आहे, आणि गद्य ताणलं जातं. प्रत्येक वेळी संदेहाचा फायदा मागणाऱ्याला द्यायचा म्हटलं, तर तो दर वेळी त्याच दोघा-तिघांना मिळतो. ही मुलगी चार फेऱ्या राक्षसाशी झुंजून अर्धमेली झालेली असते आणि शेजारचा एका वाक्याच्या जोरावर त्याला बुडवून टाकतो. दाव्यांच्या टेबलावरही हेच असतं, लोकांना पटत नाही. चुकीचा दावा मंजूर केला की पैसे साहेबाच्या खिशातून जात नाहीत. ज्यांनी कधी काही मागितलं नाही, त्यांच्या हप्त्यांतून जातात.

म्हणून माझं म्हणणं असं की स्पेल संदिग्ध असला तर त्याचा अर्थ त्याच्या लेव्हलला शोभेल इतकाच घ्यावा. आणि जो घेतला तो डीएमने स्वतःच्या राक्षसांनाही लावावा.

ही दुसरी अट मी कशी शिकवली ते ऐका. धातू तापवण्याचा एक स्पेल आहे, दुसऱ्या लेव्हलचा. माणसाने घडवलेली धातूची वस्तू, उदाहरणार्थ शस्त्र किंवा अंगावरचं चिलखत, लालबुंद तापते. तिच्याशी शरीराचा स्पर्श असणाऱ्याला आठ बाजूंच्या दोन फाशांइतकं भाजतं. टाकणारा तो दर फेरीला पुन्हा भाजवू शकतो, एक मिनिटभर. फेरी सहा सेकंदांची, म्हणजे दहा फेऱ्या. आणि पूर्ण पोलादी चिलखत उतरवायला नियमाप्रमाणे पाच मिनिटं लागतात. हिशेब तुम्हीच करा. भाच्याने हा प्रयोग हॉबगॉब्लिन नावाच्या लढाऊ राक्षसांच्या एका सरदारावर केला. सरदार चिलखतासकट शिजला, टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. नियमात बसत होतं.

मग काही रविवारांनंतर शत्रूच्या एका ड्रुइडने हाच स्पेल आमच्या पॅलेडिनच्या, म्हणजे धर्मयोद्ध्याच्या, चिलखतावर टाकला. पॅलेडिन खेळणारा मुलगा गप्प होता. भाच्यानेच त्याचं वकीलपत्र घेतलं. पुस्तकातलं चिलखताचं वर्णन उघडून म्हणाला, ‘इथे लिहिलंय, या चिलखताखाली जाड गाद्यांचे थर असतात. म्हणजे पोलादाचा अंगाला स्पर्शच नाही. स्पर्श नाही तर भाजणं नाही.’ वर्णन खरंच तसं आहे. मुद्दा हुशारीचा होता, आणि मला मनापासून आवडला. पण स्पेलच्या उताऱ्यात तापवण्याच्या वस्तूचं उदाहरण म्हणूनच जड आणि मध्यम चिलखत दिलेलं आहे. गादीने भाजणं टळत असतं, तर ते उदाहरण तिथे कशाला लिहिलं असतं? कलमातला एखादा शब्द निरर्थक ठरेल असा अर्थ लावायचा नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका साहेबांनी दरडावून शिकवलं होतं. शिवाय मी भाच्याला विचारलं, ‘सरदाराच्या चिलखताखाली काय होतं रे? की तो उघड्या अंगावर घालून आला होता?’ योद्धा खेळणारी मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसली. पॅलेडिन जगला, पण केस गेले.

आमच्याकडे यासाठी एक वही आहे, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. प्रत्येक निकाल त्यात लिहायचा: स्पेल कुठला, कुणी काय मागितलं, काय ठरलं, का ठरलं. निकाल दिल्या दिवसापासून सगळ्यांना लागू, मलाही. कुणाला बदलून हवा असेल तर खेळ सुरू होण्याआधी मांडायचं, ऐन लढाईत नाही. लढाईत मी एका मिनिटात काहीतरी सांगते आणि पुढे जाते, कारण पाच पोरं फासे हातात धरून बसलेली असताना ग्रंथ उघडणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. गुरुवारच्या पत्रलेखकांनी ती वही येऊन पाहावी. मनाला येईल ते सांगणारा माणूस ते लिहून ठेवत नाही.

आता खेळाची पुस्तकं छापणारी कंपनी काय करते याविषयी थोडं. नियमांचा अर्थ विचारणाऱ्या खेळाडूंना उत्तरं देणारं ‘सेज अ‍ॅडव्हाइस’ हे सदर या खेळाच्या ‘ड्रॅगन’ मासिकात १९७९ पासून होतं. शंका किती जुन्या आहेत ते त्यावरून कळेल. पाचव्या आवृत्तीच्या काळात मुख्य नियमकार जेरेमी क्रॉफर्ड ट्विटरवर उत्तरं देऊ लागले. लोकांनी ती उत्तरं म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे असल्यासारखी टेबलावर आपटायला सुरुवात केली. अखेर २०१९ मध्ये कंपनीला जाहीर करावं लागलं की ट्वीट हा अधिकृत निकाल नव्हे, तो सल्ला. संकलित पुस्तिकेत येईल तेच अधिकृत.

मला स्वतःला हे सगळंच प्रकरण फारसं रुचत नाही. अदृश्य शत्रू दिसावा म्हणून एक स्पेल आहे. साधा माणूस म्हणेल, दिसतो ना, मग त्याच्या अदृश्यतेचा फायदा संपला. पण २०१४ च्या पुस्तकात अदृश्य असण्याचे दोन वेगळे मुद्दे छापले होते. पहिला, तो दिसत नाही. दुसरा, त्याच्यावर वार करणाऱ्याला फटका आणि त्याच्या वाराला फायदा. क्रॉफर्ड यांनी अर्थ लावला की दोन्ही मुद्दे स्वतंत्र आहेत. म्हणजे तो तुम्हाला लख्ख दिसत असला तरी दुसरा मुद्दा लागूच! ज्याने लिहिलं तोच म्हणतो म्हटल्यावर पोरांनी मला ते उत्तर दाखवलं. मी मानलं नाही. कागद विकून झाल्यावर कलमाचा अर्थ काय होता हे कलम लिहिणाऱ्याने सांगायला येऊ नये, ही गोष्ट तर विमा क्षेत्रात शाळकरी आहे. त्याने जे म्हणायचं होतं ते कागदावर म्हणायचं होतं. शेवटी २०२४ च्या पुस्तकात त्यांनी वाक्यच जोडलं: जो तुम्हाला कसंही करून पाहू शकतो त्याच्याविरुद्ध हा फायदा मिळत नाही. आमच्या वहीत ते आधीपासून होतं. माझा भाचा म्हणतो, एवढ्यावरून मावशी वर्षभर मिरवते.

मग सगळं काटेकोर लिहिलं की भांडणं मिटतील? आगीच्या गोळ्याचं उदाहरण घ्या. आज तो २० फूट त्रिज्येचा गोल आहे, बस्स. १९७८ च्या पुस्तकात मात्र लिहिलं होतं की जागा अरुंद असेल तर आग तेवढंच घनफळ भरून काढते, सुमारे ३३ हजार घनफूट, म्हणजे दहा-दहा फुटांचे ३३ ठोकळे. वाक्य अगदी नेमकं, संदेह शून्य. परिणाम काय? दहा फूट रुंद, दहा फूट उंच बोळात गोळा फुटला की आग ३३० फूट धावणार, आणि बोळाच्या तोंडाशी उभा राहून तो फेकणारा जादूगार आधी भाजणार. त्या काळी पोरं डाव थांबवून खोलीचं घनफळ काढत बसायची. आमच्यातल्या एका इंजिनीयर मुलाला तो जुना नियम फार आवडतो, त्यावरून काय ते समजा.

याउलट टोक म्हणजे मन वळवण्याचा स्पेल. समोरच्याला एक गोष्ट सुचवायची आणि त्याने ती करायची. २०१४ च्या पुस्तकात अट होती की सूचना एक-दोन वाक्यांची हवी आणि ती वाजवी वाटेल अशी मांडलेली हवी. उदाहरण दिलं होतं एका सरदारणीचं, तिला सांगायचं की तुझा लढाईचा घोडा वाटेत भेटेल त्या पहिल्या भिकाऱ्याला देऊन टाक. आता घोडा भिकाऱ्याला देणं वाजवी कसं, यावर आमच्याकडे अख्खी दुपार गेली. २०२४ मध्ये त्यांनी वाजवी हा शब्द काढला. आता सूचना शक्य कोटीतली वाटायला हवी, तिने उघडउघड इजा होता कामा नये आणि ती पंचवीस शब्दांच्या आत हवी. वकिली थांबावी म्हणून केलेला बदल. पण आम्ही खेळतो मराठीत. ‘राजवाड्याच्या तळघरातल्या तिजोरीची किल्ली खजिनदाराच्या नकळत आणून आमच्याकडे दे’ असं पहारेकऱ्याला सांगितलं, हे मोजून नऊ शब्द झाले. उरलेल्या सोळा शब्दांत मराठी माणूस आख्खं खरेदीखत लिहील, हद्दी-चतुःसीमांसकट. बार्ड, म्हणजे गाण्यातून जादू करणारा भाट, खेळणाऱ्या मुलाने ते लिहूनच आणलं होतं, एकेका शब्दाला तीन-तीन प्रत्यय लावून. वहीत आमची मर्यादा पंधरा शब्दांची आहे, आणि जोडशब्द तोडून मोजायचे. तरीही खरं सांगायचं तर मला जुना ‘वाजवी’च बरा वाटतो. त्यात भांडण होतं, पण ते भांडण निदान त्या पहारेकऱ्याविषयी होतं: तो कोण आहे, भित्रा आहे का, त्याला पगार वेळेवर मिळतो का, त्याला हे पटेल का. शब्दमोजणीत पहारेकरी नाहीसा होतो.

इथे तरुण मंडळी म्हणतात, काकू, एवढं कशाला, ज्याने मजा येईल तो निकाल द्या. कंपनीचे लोकही सांगतात की अक्षर काय म्हणतं आणि लिहिणाऱ्याचा हेतू काय होता यांच्यासोबत टेबलावर काय रंगेल तेही बघावं. बरोबर आहे. पण मजा कुणाला आली हे कसं ठरवायचं? ज्याचा आवाज मोठा त्याला आली हे लगेच कळतं. जी गप्प बसून फाशांची रास लावते आहे, तिचं कळत नाही. ती दोन रविवार आली नाही की कळतं.

एक कबूल करायला हवं की नियमांच्या अक्षराला चिकटण्याचाही अतिरेक होतो. जादूच्या तीन बाणांचंच बघा. शून्य हिट पॉइंटवर पडलेल्या पात्राला प्रत्येक इजेसरशी मृत्यूची एक खूण मिळते, तीन झाल्या की संपलं. तीन बाण म्हणजे तीन वेगवेगळ्या इजा. म्हणजे पहिल्या लेव्हलच्या एका स्पेलने जमिनीवर पडलेला मित्र मेला, फासाही टाकावा न लागता. अक्षर तसंच म्हणतं, लेखकांनीही तोच अर्थ सांगितला आहे. मी तो अर्थ वहीत लिहिला आहे. पण माझ्या बाजूच्या चेटकिणीला पडलेल्यांवर बाण टाकण्यापेक्षा उभ्या असलेल्यांवर टाकणं शहाणपणाचं वाटतं, तिचा स्वभाव तसा आहे. अर्थ लावणं वेगळं, अधिकार वापरणं वेगळं. उलट बाजूला २०२४ च्या मार्गदर्शक पुस्तकात एक ताकीद आहे, ती मला फार पटली: खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. शेकडो गावकरी रांगेत उभे करून एकाच फेरीत हातोहात भाला पुढे द्यायचा आणि तो प्रकाशाच्या वेगाने सुटला म्हणायचं, असली गणितं ऐकून घेऊ नका, असं तिथे जवळपास याच शब्दांत छापलेलं आहे. कुणीतरी ती गणितं किती वर्षं ऐकून घेतली असतील!

सध्या आमच्याकडे एक दावा पडून आहे, तो वाचकांपुढे ठेवते. मेलेल्याशी बोलण्याचा स्पेल, तिसऱ्या लेव्हलचा. प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात, त्याला जिवंतपणी जे ठाऊक होतं तेवढंच ते सांगतं. अट अशी की प्रेताला तोंड अजून असलं पाहिजे. एका व्यापाऱ्याचा खून झालाय, त्याची कवटी सापडली आहे, पण खालचा जबडा नाही. पुजारी खेळणाऱ्या मुलीचा स्पेल तयार आहे. भाच्याने गावकुसाबाहेरून मेलेल्या गाढवाचा जबडा शोधून आणला, तांब्याच्या तारेने कवटीला बांधला आणि म्हणाला, हे घ्या तोंड. फिजिओथेरपीवाल्याचं म्हणणं की तोंड म्हणजे पोकळी, वरचे दात आहेत तेवढं पुरे. पुजारीणबाईंची तक्रार वेगळीच: गाढवाच्या जबड्यातून आलेली साक्ष न्यायाधीश मानेल का?

माझा कल नकाराकडे आहे. ‘अजून असलं पाहिजे’ म्हटलंय, त्यावरून मला वाटतं आधी होतं तेच तोंड हवं, उसनं चालणार नाही. पण तोंडाचा किती भाग उरला म्हणजे तोंड उरलं, हे पुस्तक सांगत नाही, आणि त्या बाजूने कुणाचा चांगला मुद्दा आला तर मी ऐकेन. तोवर झालंय असं की योद्धा खेळणाऱ्या मुलीने कुणाला न विचारता जाहीर केलं, खून विहिरीजवळ झाला होता ना, मग मी दोर बांधून खाली उतरते आणि खरा जबडा शोधते. त्या विहिरीत जबडा आहे की नाही आणि त्याच्याबरोबर आणखी काय आहे, ते मी ठरवून ठेवलं आहे. पण ते इथे लिहीत नाही. ही कार्टी तुमचा अंक माझ्याआधी वाचतात.

आपली,
दावे विभागातील एक निवृत्त कर्मचारी, विश्रामबाग, सांगली
(नाव छापू नये, ही विनंती.)